थांबता थांबता हादरणारी गिरणी

खानापूर तालुक्यातील नंदगड हे गाव बाहेरच्या माणसाला बहुधा संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीमुळे ठाऊक असते. परंतु ज्याने तेथे किंवा त्या टापूतील कोणत्याही गावी दळणाचा डबा पुढे ठेवून पिठाच्या गिरणीत आपल्या पाळीची वाट पाहिली आहे, त्याच्या मनात एक साधा प्रश्न केव्हा ना केव्हा येऊन गेलेला असतो. गिरणी पुऱ्या वेगात चालू असते तेव्हा तिचा आवाज कितीही मोठा असला तरी एकसुरी असतो आणि तिच्या सांगाड्यावर हात ठेवला तर बारीकशी थरथर काय ती जाणवते. मग गिरणीवाला बटण बंद करतो, पट्टा मंदावू लागतो, आता सारे हळूहळू शांत होणार असे आपण धरून चालतो, आणि नेमके त्याच वेळी, वेग निम्म्यावर आला न आला तोच, सगळा सांगाडा दाणदाण हादरतो, वरचा पत्रा खडखडतो, आणि दोन-चार क्षणांत पुन्हा काहीच घडले नसावे तसे सामसूम होते. घरी कपडे धुण्याचे यंत्र असेल तर पिळणी संपताना तेही हेच करते. वेग उतरत असताना थरथर वाढावी, हे काय गौडबंगाल आहे?

या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट कळले, त्याला साखर कारखान्यातील टर्बाइनपासून नदीकाठच्या जॅकवेलमधील पंपापर्यंतच्या यंत्रांचा एक मोठा रोग कळला असे समजावे. त्या रोगाचे निदान यंत्र घडविण्याआधीच करून ठेवणारी जी सॉफ्टवेअरे आज यंत्रशाळांतून वापरली जातात, ती करतात तरी काय, हेही मग सांगणे फारसे अवघड नाही.

१. एका ग्रॅमचे वजन

जगातील कोणतेही चाक सर्व बाजूंनी सारखे भारी नसते. ओतकामात एखादी जागा किंचित पोकळ राहते, किल्लीची खाच एका अंगाला असते, पंपाच्या इंपेलरची पाती गाळाने एका बाजूस अधिक झिजतात. आणि चाकाचा भारमध्य त्याच्या भूमितीय मध्यापासून केसभर का होईना, बाजूला सरकतो. चाक स्थिर असताना हा केसभर फरक कोणाच्या खिजगणतीतही नसतो. परंतु मध्यापासून दहा सेंटिमीटरवर एक ग्रॅम वजन जास्तीचे आहे आणि चाक मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत आहे असे धरून हिशेब केला, तर तो एक ग्रॅम बाहेरच्या दिशेने सुमारे दहा न्यूटन, म्हणजे एक किलो वजन टांगावे तितक्या, जोराने शाफ्टला ओढत असतो, आणि ही ओढ प्रत्येक फेरीबरोबर दिशा बदलीत शाफ्टला सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली, डावी-उजवीकडे हिसके देते. वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक चढवून भारी बाजूला भोक पाडणारा बेळगावच्या उद्यमबागेतील कारागीर या चौपटीच्याच हिशेबाशी झगडत असतो.

शाफ्टच्या लांबीला काटकोनात होणारी ही हालचाल म्हणजे आडवा कंप. शाफ्टला पीळ बसून सुटणे हा कंपाचा दुसरा प्रकार असून त्याचा कारभार निराळा आहे. या प्रकरणात त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

२. कावडीची चाल

पण एवढ्याने गिरणीचे कोडे सुटत नाही, उलट वाढते. कारण ओढ वेगाच्या वर्गाने वाढते म्हटल्यावर पुऱ्या वेगातच हादरा सर्वांत मोठा असावयास हवा. येथे दुसरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. खांद्यावर बांबूची कावड घेऊन पाणी वाहणारा मनुष्य ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे ठाऊक आहे की भरलेल्या कावडीला स्वतःची अशी एक लय असते. बांबू ताठ असेल तर ती लय जलद, लवचीक असेल किंवा घागरी जड असतील तर संथ. वाहणारा अगदी सावकाश चालला तर खांद्याबरोबर घागरीही मुकाट्याने वर-खाली होतात. त्याची पावले बरोबर कावडीच्या लयीवर पडू लागली, तर प्रत्येक पाऊल आधीच्या हेलकाव्यात भर घालते आणि पाणी हिंदकळून बाहेर सांडते. पण तोच मनुष्य झपाझप, लयीच्या पुष्कळ पुढे चालू लागला, म्हणजे मोठी मौजेची गोष्ट घडते: खांदा उचलला जातो, बांबू वाकतो, आणि घागरी मात्र जागच्या जागी जवळजवळ निश्चल तरंगत राहतात.

शाफ्टचेही अक्षरशः हेच आहे. शाफ्टची लवचीकता म्हणजे बांबू, त्यावरील चाकाचे वस्तुमान म्हणजे घागरी, आणि असमतोल भाराचा दर फेरीचा हिसका म्हणजे पाऊल. फेऱ्यांचा वेग शाफ्टच्या नैसर्गिक लयीशी जुळतो त्या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. त्याच्या खाली शाफ्ट आज्ञाधारकपणे फिरतो, त्यावर पोचताच बेफाम होतो, आणि त्याच्या पुरेसे पलीकडे गेले की चाक आपल्या भूमितीय मध्याभोवती फिरण्याचे सोडून आपल्या खऱ्या भारमध्याभोवती फिरू लागते व शांत होते. गिरणीचा नेहमीचा वेग तिच्या सांगाड्याच्या लयीच्या पलीकडचा असतो. बटण बंद केल्यावर खाली येताना तिला ती लय ओलांडावीच लागते, आणि ओलांडताना ती हादरते. चालू होतानाही ती हेच करते, फक्त मोटरचा जोर तिला तो टप्पा झटकन पार करून नेतो म्हणून आपले लक्ष जात नाही.

३. रँकिनचा निवाडा

ही 'पलीकडची शांतता' माणसाला सहजासहजी पटलेली नाही. १८६९ साली स्कॉटिश अभियंता रँकिन याने फिरत्या शाफ्टचा पहिला गणिती विचार मांडला आणि निर्वाळा दिला, की या मर्यादेपलीकडे शाफ्ट फिरविणे सर्वथा अशक्य आहे. रँकिन हा लहानसहान माणूस नव्हता. उष्णतेच्या शास्त्रातील त्याचा अधिकार वादातीत होता, आणि त्यामुळे त्याच्या समीकरणात राहून गेलेली उणीव पुष्कळ काळ प्रमाण म्हणून चालली. (त्याच १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला, हा योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या या माणसाच्या घराण्याचे पंप पुढे महाराष्ट्र-कर्नाटकाच्या विहिरीविहिरींवर फिरू लागले. आणि पंप म्हटला की शाफ्ट आला, शाफ्ट म्हटला की रँकिनचा प्रश्न आला.)

निवाडा खोटा ठरला तो कागदावर नव्हे, कारखान्यात. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने १८८०च्या दशकात मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या घरात फिरणारे लहान वाफ-टर्बाइन बांधले, आणि शाफ्ट जाड करण्याऐवजी मुद्दाम बारीक व लवचीक ठेवून क्रांतिक वेग खुशाल ओलांडला. हे का साधते याची उपपत्ती १८९५ साली जर्मनीत फॉप्लने दिली. परंतु ती ज्या नियतकालिकात छापली ते यंत्र बांधणाऱ्यांपैकी फारसे कोणी वाचीत नसावेत, कारण इंग्रजी जगात हा वाद पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे धुमसत राहिला आणि १९१९ साली जेफकॉटच्या निबंधाने कायमचा मिटला. हलक्या शाफ्टवर मधोमध एक चाक, एवढेच त्याचे चित्र होते. आजची महागड्यातली महाग सॉफ्टवेअरे त्याच चित्राचा विस्तार आहेत.

४. साखर कारखान्यातील टांगती टोपली

द लाव्हालचा चमत्कार पाहण्यासाठी स्वीडनला जावे लागत नाही. गळिताच्या हंगामात संकेश्वरच्या हिरण्यकेशी किंवा निपाणीच्या हालसिद्धनाथ कारखान्यासारख्या कोणत्याही साखर कारखान्यात सेंट्रिफ्यूगलच्या फलाटावर घटकाभर उभे राहिले तरी पुरे. शिजून दाटलेला, साखरेचे कण आणि मळी एकत्र असलेला तपकिरी राब वरून एका जाळीदार टोपलीत सोडतात. ही टोपली खाली कशावरही टेकलेली नसून वरच्या मोटरपासून एका लांब दांड्याने टांगलेली असते, आणि दांड्याच्या वरच्या टोकाशी रबराची गादी असते. भरताना टोपली अगदी सावकाश फिरवितात, म्हणजे राब भिंतीवर सर्वत्र सारखा बसावा. तरीही तो कोठे कमी, कोठे जास्त बसतोच. मग वेग चढू लागतो. आरंभीच टोपली एकदा झोकांडी खाते, नवख्या माणसाला वाटते की ही आता आवरणावर आदळणार, आणि तेवढ्यात ती सावरते. पुढे मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांवर, शेकडो किलोंचा माल पोटात असताना, ती भोवऱ्यासारखी तटस्थ फिरते. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, पाण्याचा फवारा बसतो, आणि काळपट भिंत पाहता पाहता पांढरी होते.

टोपली घट्ट बेअरिंगांत जखडली असती, तर भार थोडाही एकांगी बसताच त्या ओढीने इमारतीचे खांब हादरले असते. ती टांगून, रबरावर मोकळी सोडल्यामुळे तिची लय अगदी संथ राहते, क्रांतिक वेग सुरुवातीलाच मागे पडतो, आणि मग टोपली आपला भारमध्य आपणच शोधून घेते. टांगत्या टोपलीची ही युक्ती हवाई बेटांवर साखरेची यंत्रे बांधणाऱ्या डेव्हिड वेस्टनने द लाव्हालच्याही आधी काढलेली होती. रँकिनने एखादा साखर कारखाना पाहिला असता तर बरे झाले असते, असे मला नेहमी वाटते.

५. पेन्सिलीचा हिशेब

आता थोडे आकडे. आडवा शाफ्ट दोन टोकांना टेकला असून मध्ये चाक आहे. चाकाच्या वजनाने तो मध्ये किंचित झोळ खातो. हा झोळ मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढावे, आणि ९४६ या संख्येला त्याने भागावे; येणारा आकडा म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांतील क्रांतिक वेग. झोळ ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पानाच्या जाडीएवढा, असेल तर वर्गमूळ ०.३१६ आणि उत्तर सुमारे २,९९०. आपल्या देशात विजेची आवर्तने सेकंदाला पन्नास असल्यामुळे दोन ध्रुवांची मोटर ३,०००च्या अगदी जवळ फिरते. म्हणजे हा शाफ्ट त्या मोटरला जोडणे हे संकटाला आमंत्रण. बरे, झोळ ०.४ असता तर उत्तर १,४९५ आले असते आणि चार ध्रुवांच्या मोटरशी गाठ पडली असती!

सुटका कशी करावी? मधल्या चाकाने पडणारा झोळ लांबीच्या घनाने वाढतो, म्हणून दोन बेअरिंगांमधील अंतर एक पंचमांशाने घटविले की झोळ जवळजवळ निम्मा होऊन क्रांतिक वेग ४,१८०वर जातो. उलट व्यास एक दशांशाने वाढविला तर तो ३,६२०पर्यंतच चढतो. सॉफ्टवेअर हाती धरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी हा तीन ओळींचा हिशेब पेन्सिलीने करावा, असा माझा आग्रह आहे. कारण ज्याला उत्तर अदमासे किती यावे हे ठाऊक नाही, त्याच्यासमोर पडद्यावर चार दशांश स्थळांपर्यंत आलेली चूकही बिनचूक दिसते.

६. मग सॉफ्टवेअर कशाला?

कारण खऱ्या शाफ्टवर एकच चाक नसते. टर्बाइनच्या रोटरवर चाकांची रांग असते, जागोजागी व्यास बदलतो, जोडणीपलीकडे जनरेटर असतो. अशा शाफ्टचे मनातल्या मनात तुकडे पाडावयाचे, प्रत्येक सांध्याला वर-खाली सरकणे, आजूबाजूला सरकणे आणि या दोन्ही दिशांना कलणे अशा चार हालचाली द्यावयाच्या, आणि प्रत्येक तुकड्याने शेजारच्या तुकड्यावर लावलेल्या जोरांचा जमाखर्च जुळवावयाचा, ही रीत. सांधे तीस असले तर अज्ञात राशी एकशेवीस झाल्या. १९४४ साली मिकलस्टाडने विमानाच्या पंखांसाठी आणि १९४५ साली प्रोलने टर्बाइनच्या शाफ्टसाठी हा जमाखर्च एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोष्टकात नेण्याची पद्धत बसविली. वेगाचा एक आकडा गृहीत धरून सारे कोष्टक भरावे, शेवटच्या टोकाला मेळ बसला नाही तर आकडा बदलून पुन्हा भरावे, असा तो खटाटोप होता. संगणकाने तो आपल्या अंगावर घेतला, आणि १९७०च्या दशकात तुकड्यांची सारी समीकरणे एकदमच सोडविण्याची रीत आली. डायरोब्ज हे आज या कामाचे एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे. अ‍ॅन्सिससारख्या सर्वसाधारण प्रणालीतही याची सोय असते. आणि ब्राझीलमध्ये तयार झालेले रॉस हे पायथन भाषेतील सॉफ्टवेअर तर कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते.

या सॉफ्टवेअरांकडून तीन प्रश्नांची उत्तरे घ्यावयाची असतात. क्रांतिक वेग कोठे आहेत, हा पहिला. याचे उत्तर एका आलेखावर मिळते, त्याला कॅम्बेलचा आलेख म्हणतात: आडव्या रेषेवर फेऱ्यांचा वेग, उभ्या रेषेवर शाफ्टच्या निरनिराळ्या लयी, आणि आरंभबिंदूतून निघणारी एक तिरपी रेषा, जिच्यावर दोन्ही समान असतात. ती तिरपी रेषा लयींच्या रेषांना जेथे छेदते तेथे धोका. लयींच्या रेषा आडव्या, सरळ नसतात, याचे एक कारण असे, की वेगाने फिरणारे जड चाक कलण्यास विरोध करते, आणि वेग वाढेल तसा हा विरोधही वाढून एकाच लयीच्या दोन शाखा फुटतात; एक वर चढते, दुसरी खाली उतरते.

दुसरा प्रश्न, तेथे हादरा किती मोठा. अमुक ठिकाणी अमुक ग्रॅमचा असमतोल आहे असे सांगितले, की प्रत्येक वेगाला प्रत्येक बेअरिंगपाशी शाफ्ट किती मायक्रॉन भिरभिरेल याची वक्ररेषा मिळते. तिचे शिखर टोकदार असेल तर चालण्याचा वेग त्यापासून दूर ठेवावाच लागतो. बसके असेल तर काळजी नाही. तेलशुद्धीकरणाच्या यंत्रांसाठी जे अमेरिकन नियम सर्वत्र प्रमाण मानले जातात, त्यांत शिखराच्या टोकदारपणाचा गुणांक २.५हून कमी भरला तर वेगात अंतर राखण्याची अटच लागू होत नाही. पाते तुटल्यास काय होईल, हेही याच वाटेने तपासता येते. आणि ती शंका पुस्तकी नव्हे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनच्या शेवटच्या ओळीची दोन पाती तुटली, क्षणार्धात उद्भवलेल्या प्रचंड असमतोलाने यंत्र हादरले, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन गळून पेटला, आणि आग केबलींच्या वाटेने पसरली. अणुभट्टी सुखरूप बंद करता आली, हे कर्मचाऱ्यांचे प्रसंगावधान.

तिसरा प्रश्न अधिक गहन असून त्याचे मूळ बेअरिंगच्या तेलात आहे.

७. तेलाचा पापुद्रा

मोठ्या यंत्राचा शाफ्ट धातूवर फिरत नाही. तो तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो. या पापुद्र्याचा एक विचित्र स्वभाव आहे. शाफ्टला सरळ खाली दाबले तर तो नुसता खाली जात नाही, थोडा बाजूलाही सरकतो. आणि हे बाजूला सरकणे एका मर्यादेपलीकडे गेले, की तेल शाफ्टला गरगर लोटू लागते. १९२५च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीत न्यूकर्क आणि टेलर यांनी याचा छडा लावला. या घुसळणीची गती फेऱ्यांच्या निम्म्याहून किंचित कमी असते, आणि यंत्राचा वेग पहिल्या क्रांतिक वेगाच्या सुमारे दुप्पट झाला, की ती शाफ्टच्या नैसर्गिक लयीला पकडते. क्रांतिक वेग आणि ही घुसळण यांत महदंतर आहे. पहिला ओलांडून जाता येतो. दुसरीत वेग जितका वाढवावा तितके यंत्र तिच्यात अडकून राहते, आणि बॅलन्सिंग कितीही केले तरी उपयोग होत नाही, कारण मूळ दुखणे असमतोलाचे नसतेच. कंपाची प्रत्येक तक्रार बॅलन्सिंगने मिटवू पाहणारे फोरमन मी पाहिले आहेत. त्यांच्या चिकाटीला दाद द्यावी, पण मापनयंत्रावर निम्म्या गतीचा कंप दिसत असता चाकाला भोके पाडीत बसणे व्यर्थ. म्हणूनच सॉफ्टवेअर दर लयीपुढे एक संख्या छापते, तिच्यावरून तो कंप आपोआप विरत जाईल की वाढत जाईल हे समजते. आणि ती प्रतिकूल आली तर तेलाचे हे ढकलणे मोडून काढणारी, सुट्या कलत्या पाट्यांची बेअरिंगे बसवितात.

८. पायाचा झोळ

एवढे सगळे केल्यावरही उत्तर चुकते, आणि बहुधा एकाच ठिकाणी चुकते. मघाच्या ०.१ मिलिमीटर झोळाच्या हिशेबात बेअरिंगे पर्वतासारखी अचल धरली होती. ती तशी नसतात. त्याच वजनाखाली बेअरिंगे आणखी ०.१ दबत असतील, तर एकूण झोळ ०.२ होऊन क्रांतिक वेग २,९९०वरून २,११५वर घसरतो. आणि पाया व सांगाडा मिळून आणखी ०.०५ लवत असतील तर तो १,८९०वर येतो. शाफ्टला कोणी हातही लावलेला नाही! शाफ्टचे व्यास नकाशावर लिहिलेले असतात, चाकांची वजने काट्यावर करता येतात. पण पायाची ताठरता कोणत्याही नकाशावर लिहिलेली नसते, आणि ती अंदाजाने भरली, की त्या अंदाजाची झळ सगळ्या उत्तराला लागते.

नदीकाठच्या जॅकवेलमध्ये हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. उभ्या पंपाचा शाफ्ट विहिरीत खोल उतरलेला असतो आणि जड मोटर वर, लोखंडी बैठकीच्या माथ्यावर, एखाद्या खांबाच्या टोकावर बसविल्याप्रमाणे उभी असते. येथे शाफ्टआधी ती मोटर-बैठकच डोलू लागते, आणि बैठकीला पाणी नेणाऱ्या नळासाठी एका बाजूने मोठे तोंड असल्यामुळे नळाच्या दिशेची लय वेगळी, तिला काटकोनातील वेगळी. पूर्वी पंप एकाच वेगाने चालत. तो वेग लयीपासून दूर असला की काम भागे. आता विजेच्या बचतीसाठी वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह बसवितात, आणि जो पंप १,४८०वर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला तो १,२००वर आणताच मोटर हाताला झिणझिण्या येईपर्यंत थरथरू लागते.

अशा वेळी सॉफ्टवेअरपुढे बसण्याआधी एक सोपी कसोटी घेतात. पंप बंद ठेवावयाचा, मोटरच्या माथ्यावर कंपमापक चिकटवावयाचा, आणि रबरी तोंडाच्या हातोड्याने एक ठोका द्यावयाचा. मोटर ज्या लयीने डोलत डोलत शांत होते ती लय मापकावर उमटते. मग काटकोनात दुसरा ठोका. समजा एका दिशेला सेकंदाला वीस आवर्तने मिळाली, तर वीस गुणिले साठ, म्हणजे १,२०० फेऱ्या, आणि तक्रारीचे कारण हाती आले. सॉफ्टवेअरमधील पायाचा आकडा मग या मोजलेल्या लयीशी जुळेपर्यंत बदलतात, आणि अशी रुजवात झाल्यावरच त्याला पुढचे प्रश्न विचारतात: बैठकीला चार पट्ट्या वेल्डिंग करून जोडल्या तर लय किती चढेल, चढून ती १,४८०च्या अंगावर तर येणार नाही ना? पुष्कळदा उत्तर येते की येईल; आणि मग बैठकीला हात न लावता ड्राइव्हमध्येच १,१०० ते १,३०० हा पट्टा वगळून ठेवतात, म्हणजे पंप चढताना वा उतरताना त्यातून थेट निघून जातो आणि तेथे मुक्काम करीत नाही.